वरचा डोळा आणि उंबरदेवाची वाट

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकून बसलात की गोष्ट तुमच्यापर्यंत येईतो निम्मी वाटेतच सांडते. कीर्तनात पुढं बसणारा पुण्य घेऊन घरी जातो आणि मागं बसणारा झोप, असं आमच्याकडं म्हणतात. तेव्हा मांडी घाला, मोबाइल गप करा. गोष्ट घाणेरीची आहे, उपग्रहाची आहे आणि एका पखवाजाची आहे. तो वाजायला तयार होता, पण वाजत नव्हता. उपग्रहाचा आणि पखवाजाचा काय संबंध, असं मनात आलं ना? आलंच पाहिजे. तेवढ्यासाठीच तर बसवलंय तुम्हाला. एकदा रामकृष्णहरी म्हणा, की मी सुटलो.

कोयनानगरच्या घाटरस्त्याला एक फाटा फुटतो, तो जिथं दमून थांबतो तिथं उंबरदरा नावाची वाडी आहे. तिथले नाथाजी बुवा. चार महिने भात-नाचणीचे, उरलेले आठ कीर्तनाचे. उमेदीत त्यांनी चढा सूर लावला की धरणाच्या भिंतीपलीकडं ऐकू जाई असं लोक सांगत. बुवा म्हणत, "मी निम्माच सोडायचो. धरण सरकारी हाय, त्याला कशाला तरास!" आता मात्र खालचे सूर साथ द्यायचे आणि वरच्या सुरांना जाताना पायरी चुकायची. हे अजून श्रोत्यांना कळलं नव्हतं. बुवांना कळलं होतं.

वाडीच्या वर, डोंगरसड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ सपाटीवर, उंबरदेवाचं ठाणं. देवामागं उभा काळा कडा. त्या कड्याची एक खोड होती, तो ऐकायचा आणि जसं ऐकलं तसंच परत द्यायचा. सूर लागला असेल तर लागलेला, ढळला असेल तर ढळलेला. म्हणून कोयनानगरच्या बाजारात पखवाज मढवणारे अल्लाबक्षभाई नवा पखवाज झाला की तो पाठीवर टाकून चढून यायचे. डाव्या तोंडाला कणीक लावायचे, कड्यासमोर मांडी घालायचे आणि एक थाप मारून कान द्यायचे. उत्तर स्वच्छ आलं तर पखवाज गिऱ्हाइकाकडं, नाहीतर परत दुकानात, पुन्हा वाद्या ओढायला.

"बुवा," ते म्हणायचे, "मानसं भिडंखातर चांगलं म्हनत्यात. कडा भीड धरत न्हाई."

वर देवापुढं बसणाऱ्या सप्त्यात साथीलाही तेच असायचे. बुवा, अल्लाबक्षभाई आणि कडा, अशी तिघांची ती बैठक.

मग घाणेरी आली. लाल-पिवळ्या फुलांची, दिसायला गोजिरी, अंगाला काटे, गुरांनी खाल्ली तर गुरं आजारी. आधी वाटेच्या कडेला, मग वाटेवर, मग वाट कुठली आणि घाणेरी कुठली ते देवालाही सांगता येईना. गावानं कोयते चालवले. एका फांदीच्या चार फांद्या होऊन ती पुढच्या पावसाळ्यात परत आली. आत रानडुकरांनी संसार थाटले. सप्ता खाली शाळेच्या पत्र्याच्या शेडात आला. पत्राही उत्तर द्यायचा म्हणा, पण ठणठण. बुवांनी 'विठ्ठल' म्हटलं तरी तो भांडी पडल्यासारखंच ऐकवायचा.

अशात अल्लाबक्षभाईंनी बुवांसाठी एक पखवाज मढवला, खैराचं खोड आणि तोंडावर स्वतःच्या हातची शाई. घरी आणून दिला आणि म्हणाले, "वाट मोकळी झाली की वर नेऊ. कड्यानं पास केल्याबिगर घुमवायचा न्हाई, बुवा. शबूद द्या." बुवांनी शब्द दिला. त्याच पावसाळ्यात अल्लाबक्षभाई गेले. पखवाज पिवळ्या गवसणीत माजघराच्या खुंटीला राहिला. बुवा येता-जाता त्याच्याकडं बघायचे आणि माफी मागितल्यासारखं पुटपुटायचे, "यंदा न्यायचाच." आपला वरचा सूर आधी जातो का वाट आधी उघडते, एवढाच त्यांच्या जिवाला घोर होता.

चैत्रात, हनुमान जयंतीचा सप्ता बसायच्या थोडं आधी, सांगलीहून प्रियदर्शनी नावाची मुलगी आली. माधवनगरची; आजोबा तिथल्या गिरणीत होते, ही एका संस्थेत उपग्रहाच्या फोटोंवरून उपऱ्या झाडांचे नकाशे करायची. पारावर लॅपटॉप मांडून तिनं गावाला समजावलं.

"उपग्रह वरून सारखा जात असतो, दर थोड्या दिवसांनी याच डोंगराचा फोटो काढतो."

"आमचा येष्टीवाला बी एवढ्या नेमानं येत न्हाई," साळूबाई म्हणाली. साळूबाईची जीभ वाडीत प्रसिद्ध होती. तिच्या दारावरनं जाताना माणसं चपलासुद्धा हळू वाजवत.

"पण फोटोत सगळंच हिरवं," प्रियदर्शनी म्हणाली. "करवंद हिरवी, घाणेरीही हिरवी. उन्हाळ्याच्या तोंडाला बाकीचं रान वाळत जातं, ही मात्र बराच वेळ तग धरते. शिवाय आपल्या डोळ्याला न दिसणारे रंग उपग्रहाला दिसतात. ते फरक कॉम्प्युटर ओळखायला शिकतो. पण आधी त्याला दाखवावं लागतं, हे बघ, ही घाणेरी. हे बघ, ही नव्हे. असं पुष्कळ वेळा. मग न पाहिलेल्या जागीसुद्धा तो स्वतः ओळखतो."

बुवा एकदम सरसावून बसले. "म्हंजे दृष्टांत! नुसता सिद्धांत सांगितला की श्रोता डुलक्या काढतो. धा दृष्टांत दिले की मग आपसूक म्हनतो, 'आलं ध्यानात, माउली!'"

"अगदी तसंच, बुवा."

"आन् दृष्टांत खोटे दिले तर?"

"तर तो खोटंच शिकणार."

"म्हंजे पक्का श्रोता हाय," बुवा समाधानानं म्हणाले.

काम सोपं होतं. झाडापाशी उभं राहायचं, फोनवर फोटो काढायचा आणि लाल टिंब दाबायचं किंवा हिरवं. लाल म्हणजे घाणेरी आहे, हिरवं म्हणजे नाही. ठिकाण फोन स्वतःच टिपतो. खोऱ्यातल्या ज्या गावाचा नकाशा खात्रीचा होईल तिथं संस्थेचं पथक यंदा येणार होतं. ते कोयता चालवत नाहीत. पुन्हा मूळ धरू नये म्हणून मुळासकट उपटून झाड उलटं टांगतात.

"शीर्षासन!" सुभेदार लालासाहेब खूश झाले. फौजेतनं निवृत्त झाले तरी त्यांची छाती ड्युटीवरच होती. "कल सुबह गाव का एकेक बंदा फील्डमध्ये. क्लियर?"

गाव कामाला लागलं. आणि कसं लागलं! उजाडल्यापासून जो तो फोन घेऊन रानात. बुवांना भरून आलं. प्रियदर्शनी मात्र दोन दिवसांनी डोकं धरून पारावर बसलेली दिसली.

"बुवा, तुमच्या गावात घाणेरी आहे आणि नाहीही."

"आता ह्यो तर वेदांत झाला की."

"बघा ना. एकाच झुडपाला अर्जुनाकाका लाल म्हणतात आणि लालासाहेबकाका हिरवं."

"रान कुनाचं?"

"लालासाहेबांचं."

"आन् त्याच्या शेजारचं? लालासाहेब लाल आन् अर्जुना हिरवा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

बुवांनी कपाळाला हात लावला. ही पोर शहरातली, तिला कोण सांगणार? आपल्या रानात घाणेरी माजली म्हणजे रान पडीक, म्हणजे घरात राबणारं कुणी नाही, म्हणजे सोयरिकीला आलेले पाव्हणे चहा पिऊन परत. म्हणून प्रत्येकानं आपल्या बांधाच्या आत सगळं हिरवं दाबलं होतं. आणि बांधाच्या बाहेर? बाहेर भावकीचं रान! तिथं लोकांनी पोटतिडकीनं लाल दाबलं होतं. लालासाहेब आणि अर्जुना सख्खे चुलतभाऊ, बांधाला बांध. बांध कुणी कोरला यावरनं कैक वर्षं एकमेकांशी अबोला. त्यांनी तर एकमेकांच्या गोठ्यांनासुद्धा घाणेरी म्हटलं होतं.

"कॉम्प्युटर पार गोंधळलाय," प्रियदर्शनी म्हणाली. "शाळेच्या पत्र्याला घाणेरी म्हणतोय."

"आन् उंबरदेवाची वाट?"

तिनं नकाशा सरकवला. गावापासून सड्यापर्यंत सगळं कसं स्वच्छ हिरवं. जणू काल झाडून ठेवलेलं.

ती वाट कुणाच्याच भावकीची नव्हती. तिला लाल म्हणण्यात कुणाला सुख नव्हतं आणि हिरवी म्हणण्यात इभ्रत नव्हती. म्हणून तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं, आणि गोंधळलेल्या कॉम्प्युटरनं तिला हिरवीच धरली होती. ज्या वाटेसाठी एवढा खटाटोप, तीच नकाशात मोकळी! पथक कशाला येईल मग? माजघरातला पिवळ्या गवसणीतला पखवाज त्यांच्या डोळ्यांपुढं आला, आणि बुवा उठले.

त्याच दिवशी सप्ता बसला आणि पहिलं कीर्तन बुवांचं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते ऐकून पत्र्याचं शेडसुद्धा ठणठणायचं विसरलं. म्हणाले, "अरे, शेजाऱ्याच्या रानातला काटा कोसावरनं दिसतो आन् आपल्या पायाखालचा रगत आलं तरी दिसत न्हाई! वरनं एक डोळा बघतोय, त्याला फशीवताय? त्यो लोखंडाचा हाय म्हनून? आन् त्याच्या बी वर एक डोळा हाय, त्याला काय सांगनार? आधी सोताच्या बांधाच्या आत बघा. काय माजलंय ते म्हना तरी एकदा तोंडानं!" लोक ढसाढसा रडले. सुभेदारांची मिशी ओली झाली. साळूबाई पदरात तोंड घालून बसली आणि ती कुणाला एक शब्द बोलली नाही. म्हाताऱ्या माणसांना हे कधी घडल्याचं आठवत नव्हतं.

सकाळी गाव पुन्हा रानात पळालं. बुवा उपरणं झटकत पारावर आले, आता काय, सगळं ठीक होणार. तर प्रियदर्शनी हसतेय का रडतेय तेच कळेना.

"बुवा, तुमचं कीर्तन जरा जास्तच लागलं."

नकाशा लाल. टोकापासून टोकापर्यंत लाल. पश्चात्ताप झाल्यावर माणूस थोडक्यात थांबतोय कशाला! ज्यानं त्यानं आपलं जे होतं नव्हतं त्याला घाणेरी म्हणून टाकलं होतं. अर्जुनानं फोटो पाठवला होता आंब्याच्या कलमांचा.

"अहो काका, हा हापूस आहे!" प्रियदर्शनी त्याला म्हणाली.

अर्जुना मान खाली घालून पुटपुटला, "हापूस हाय खरं. पर लावलाय लालासाहेबाच्या बांधात हातभर घुसून. बुवा म्हनले, माजलंय ते सांगा."

"ते पाप असेल काका, पण ती घाणेरी नाही!"

साळूबाईनं दारातली शेवंती पाठवली होती. तिची फांदी बहिणीच्या अंगणातनं न विचारता आणलेली. आणि सुभेदारांनी स्वतःचाच फोटो काढून लाल टिंब दाबलं होतं.

"येस," ते ताठ उभं राहून म्हणाले, "कबूल है."

बुवांच्या घरासमोरची तुळससुद्धा लाल झाली होती. ती कुणी केली ते बुवांनी विचारलं नाही, कारण बुवांच्या बायकोच्या हातात फोन होता आणि त्या तुळशीला बुवांनी कधी तांब्याभर पाणी घातलेलं नव्हतं.

"सप्ता उठला की मला नकाशा द्यावा लागेल," प्रियदर्शनी म्हणाली. "असा दिला तर माझं हसं होईल आणि पथक शेजारच्या खोऱ्यात जाईल. मला खरंच उंबरदऱ्याला द्यायचंय, बुवा. पण खोटं नाही देता येणार."

"देऊ बी नको, पोरी," बुवा म्हणाले. पण हे म्हणताना त्यांचा आवाज खालच्या सुरातसुद्धा ढळला.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. बुवा उभे राहिले खरे, पण मन खुंटीला टांगलेलं. दहीहंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला परातीत कालवला गेला. आता काल्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या हातानं आपल्या तोंडात घालायचा नसतो. शेजारच्यानं आपल्याला भरवायचा, आपण शेजारच्याला. शेजारी कोण आहे ते बघायचं नसतं. तर गर्दीत लोटालोटी होऊन लालासाहेब वळले आणि समोर अर्जुना! दोघांच्या मुठीत काला. मागं जावं तर काल्याचा अपमान. सगळं शेड श्वास धरून बघायला लागलं.

सुभेदारांनी एवढा मोठा गोळा केला आणि अर्जुनाच्या तोंडात कोंबला.

"खा! बांध खाल्लास, त्यावर हे बी खा!"

अर्जुनाचे डोळे पांढरे झाले. त्यानं गोळा कसाबसा गिळला आणि सुभेदारांच्या मिशीसकट तोंडाला दही फासत म्हणाला, "तुमी बी घ्या, दादा. माझी कलमं तुमच्याच बांधात हायती, फळं बी तुमच्याच तोंडात पडत्याली."

आधी साळूबाई हसली. मग सगळं शेड.

बुवा हसले नाहीत. काल्याचा हात तसाच धरून ते थबकले, आणि मग त्यांनी चिपळ्या अशा वाजवल्या की प्रियदर्शनीच्या हातातला द्रोण पडला.

"आरं, काला एकट्यानं खायचा न्हाई हे आपल्याला कळतं," बुवा गरजले, "मंग फोटू एकट्यानं कशापायी काढतोय? ज्याचं रान, त्यानं फोन धरायचा. ज्याच्याशी वाकडं, त्यानं टिंब दाबायचं. दोघंबी 'हाय' म्हनले तर लाल, दोघंबी 'न्हाई' म्हनले तर हिरवं. आन् एकमत न्हाई झालं तर दाबायचंच न्हाई, फुडं चालायचं!"

प्रियदर्शनीनं पडलेला द्रोण उचलला. मग म्हणाली, "बुवा, चालेल. पक्कं चालेल! आत्ताच निघा, म्हणजे मला रात्र पुरेल."

गाव तोंडाला दही तसंच ठेवून निघालं. कधी न बोलणारी माणसं एका झुडपापुढं खांद्याला खांदा लावून उभी. "ही घाणेरी म्हन की!" "आवं, ही करवंद हाय, काटा बघा तिचा!" "बरं, ऱ्हाऊ दे हिरवं." एवढं बोलणं त्या वाडीत मागच्या निवडणुकीतसुद्धा झालं नव्हतं.

राहिली उंबरदेवाची वाट.

"देवाच्या बाजूनं कोन उभं ऱ्हानार?" कुणीतरी विचारलं.

"मी," बुवा म्हणाले.

"आन् देवाशी वाकडं कुनाचं?"

सगळ्यांच्या माना एकदम साळूबाईकडं वळल्या.

"माझं हाय की!" साळूबाई पदर खोचत म्हणाली. "गुडघं दुखत्यात म्हनून किती येळा सांगितलं त्याला. ऐकतोय व्हय? चला बुवा."

ती दोन म्हातारी माणसं मग त्या जाळीत शिरली. बुवा फोन धरायचे, साळूबाई टिंब दाबायची. "ही?" "हाय मेली." "ही?" "ही बी हाय." बुवांचं धोतर एका ठिकाणी अडकलं ते अडकलंच, सोडवायला गेले तर उपरणंही अडकलं. "बुवा," साळूबाई म्हणाली, "लोकांला मायेच्या जाळ्यातनं सोडवताय, आन् सोता बघा." पुढं काहीतरी घुरघुरलं. साळूबाईनं एक सणसणीत शिवी हासडली आणि डुकरीण पिल्लं घेऊन निमूट बाजूला झाली. जाता येईल तिथवर गेले, पुढं काठीला फोन बांधून जाळीवर धरला. सड्याची कड दिसली, तशी वाट पुरती मिटली. तिथनं कड्याचा फक्त माथा दिसत होता. बुवांनी त्याला हात जोडले आणि हळूच म्हणाले, "थांब जरा. आनतो."

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीनं नकाशा उघडला. रानांत कुठं लाल, कुठं हिरवं, जसं होतं तसं. आणि वाडीपासून सड्यापर्यंत लालभडक जाड दोर, मध्ये कुठंही न तुटलेला. ज्या घळीत कुणी पाऊल ठेवलं नव्हतं तिथंही कॉम्प्युटरनं स्वतःहून लाल ओळखलं होतं. प्रियदर्शनी सुभेदारांना घेऊन घळीच्या तोंडाशी जाऊन बघून आली, खरंच घाणेरी.

"आलं त्याच्या ध्यानात, माउली!" बुवा टाळी देत म्हणाले. तणाचा लाल रंग बघून आनंदानं नाचलेला शेतकरी तुम्ही पाहिला नसेल. उंबरदऱ्यानं पाहिला.

पथक आलं. गाव त्यांच्यासोबत राबलं. घाणेरीनं महिनाभर शीर्षासन केलं. पावसाळ्यात कोवळे फुटवे वर आले ते लोकांनी उपटले, तेही दोघादोघांनी, आता सवयच लागली होती. अर्जुनाची कलमं जागची हलली नाहीत. फळं मात्र दोन घरी जाऊ लागली.

आणि माघात गाव सड्यावर चढलं. बुवांनी शिरवळला निरोप धाडला होता. तिथल्या कारखान्यात असलेला अल्लाबक्षभाईंचा मुलगा झिशान रजा काढून आला होता. पखवाज त्यानंच पाठीवर घेतला.

"बुवा, मला अब्बांसारखं न्हाई वाजवाय येत," तो वर पोचल्यावर म्हणाला. "थाप तेवढी येते."

"थापच पायजे, बाळा. बाकीचं मी बघतो."

गवसणी निघाली. साळूबाईनं घरून मळून आणलेली कणीक डाव्या तोंडाला लागली. झिशाननं मांडी घातली, कड्याकडं बघितलं आणि थाप मारली.

गावानं कान दिला.

मग कड्यानं उत्तर दिलं. भरदार, गोल, स्वच्छ, जसं दिलं तसं. पायाखाली काहीतरी हलल्यासारखं झालं. पण कोयनेकाठच्या माणसाला भूकंपाच्या धक्क्याचं काय नवल, कुणी उठलंसुद्धा नाही. झिशान पखवाजावर कपाळ टेकून बसला.

"पास," बुवा म्हणाले.

आणि मग त्यांनी सूर लावला. खालून निघाले, पायरी पायरी चढले, आणि जिथं हल्ली पाय घसरायचा तिथं आले. घसरला. अगदी जरासा. श्रोत्यांना कळलं नाही, पण कडा भीड धरत नाही, त्यानं तो घसरलेला सूर तसाच्या तसा परत दिला. बुवा मोठ्यांदा हसले. "ऐकलंत का अल्लाबक्षभाई," ते कड्याला म्हणाले, "तुमचा माल पास, माझा नापास!" आणि हसत हसत, तीच ओळ धरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

तर अशी ही गोष्ट. आता उठा, पाय मोकळे करा. एवढंच मागणं आहे: कुठल्याही देवळात पखवाजावर पहिली थाप पडली आणि अंगावर काटा आला, तर बुक्का लावण्याआधी घटकाभर कोयनानगरच्या अल्लाबक्षभाईंची आठवण काढा. त्यांना ऐकू जाईल. मध्ये कडा आहे.